ओढ्यापर्यंतचं गाव

उन्हाळा चढायला लागला की इंदापूरकडची माणसं आभाळाकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघतात. उजनीचं पाणी रोज थोडं मागे सरतं. काठावर वाळलेल्या शेवाळाच्या रेघा उरतात, होड्या चिखलात कलंडून पडतात, आणि गाळाला भेगा पडायच्या आत कुणीतरी त्यात कलिंगडाच्या बिया टोचून मोकळा झालेला असतो. मग एके दिवशी पळसदेवचं देऊळ पाण्यातून डोकं वर काढतं आणि पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. आमच्या गावाचंही देऊळ असंच वर येतं. ते लहान आहे, त्याला कुणी बघायला जात नाही, आणि गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर म्हणतील बाई गावाची बदनामी करते. माझं भांडण गावाशी नाहीच. एका माणसाशी आहे.

मी बारामतीत कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवते. सत्र संपत आलेलं असतं, पंखे गरम हवा फिरवत असतात, पोरांचं अर्धं लक्ष परीक्षेत आणि अर्धं उसाच्या रसात, आणि नेमका याच दिवसांत स्टेन्सिल टेस्टचा धडा येतो. मी फळ्यावर रांगोळीच्या छाप्यानं सुरुवात करते. भोकं पाडलेला डबा जमिनीवर आपटला की जिथे भोक तिथेच रांगोळी पडते, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कॉम्प्युटरही तेच करतो, फक्त त्याचा छापा दिसत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे तो एक आकडा गुपचूप ठेवतो. आधी तुम्ही एक आकार काढायचा, रंगाशिवाय. तो जिथे पडला तिथे आकडा एक, बाकी सगळीकडे शून्य. मग खरं चित्र काढायला सांगायचं आणि अट घालायची, की जिथे एक असेल तिथेच रंग लाव.

दरवर्षी एक तरी पोरगी विचारते, "मॅडम, मग बाकीचं चित्र जातं कुठं?"

कुठे जात नाही, मी सांगते. तेही काढायला घेतलेलंच असतं. सगळी मोजमापं होऊन दारापर्यंत आलेलं असतं. दारात आकडा विचारतात आणि तिथून परत पाठवतात. हे सांगताना माझा आवाज जरा बदलतो. पोरांना वाटतं, मॅडमना हा विषय फार आवडतो.

ही गोष्ट घडली तो उन्हाळा आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा. मी आणि मनीषा एका खोलीत राहायचो. खिडकीखालून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, त्यातून गळालेली कांडी रस्त्यावर चेपून जायची आणि दुपारभर आंबूस गोड वास खोलीत भरून राहायचा. अजून तो वास आला की मला प्रोजेक्टची तारीख जवळ आल्यासारखं वाटतं. मनीषा आमच्याच गावची, ऊसवाल्या घरातली. बारामतीत आल्यावर आम्हाला कळलं की आपण एकाच गावच्या. गावात असताना आमची ओळख नव्हती. धरण झालं तेव्हा गाव उठून नव्या जागी बसलं, आणि बसताना जसं होतं तसंच बसलं. मधला ओढा पाण्याखाली राहिला, पण मधलं अंतर लोकांनी आठवणीनं सोबत आणलं. ओढ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, पलीकडे आमची बुद्धवस्ती.

पण बारामतीच्या खोलीत कुठला आलाय ओढा! एकच शाम्पूची बाटली, एकच लॅपटॉप आणि तोही मनीषाच्या वडिलांनी घेऊन दिलेला, एकच चादर बदलून बदलून. तिला ताप आला की मी काटेवाडीच्या ओळखीतून ताकाची बरणी मागवायची, मला पेपर अवघड गेला की ती माझ्या वाटची भांडी घासायची. मला वाटलं होतं, आपण दोघींनी मिळून ते अंतर बुजवलं. वय तसं होतं.

प्रोजेक्टची कल्पना तिचीच, हे मान्य केलं पाहिजे. "सुजा, आपण पाण्याला खिडकी पाडू या," ती म्हणाली. पडद्यावर उजनीचं निळं पाणी दाखवायचं. पाण्यावर बुडालेल्या गावाच्या आकाराचा स्टेन्सिल टाकायचा. त्या आकारात पाणी उघडणार आणि खालचं जुनं गाव दिसणार. देऊळ, चावडी, पेठ, ओढा, वस्ती. मी आनंदानं तिला मिठी मारली होती. देऊळ आणि घरं तिनं उभी करायची, पाणी आणि स्टेन्सिल माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

राहिला प्रश्न गाव कसं होतं याचा. दोघींचाही जन्म धरणानंतरचा. तेव्हा कामी आले माझे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा एसटीत ड्रायव्हर होते, आणि जगातली कुठलीही लांबी ते एसटीत मोजायचे. मनीषा माझ्याबरोबर वस्तीवर यायची, आमच्या ओसरीवर मांडी घालून बसायची आणि वही उघडून विचारायची.

"आबा, देवळापासून चावडी किती लांब?"

आबा डोळे मिटायचे. "दोन यष्ट्या लागंपाठ उभ्या केल्या तर बसत्याल. मधी कंडक्टरला च्या प्यायला जागा ठेव."

"आणि चावडीपासून ओढा?"

"तितं यष्टी वळत न्हाय. चालत जायाचं. चिच्चंची झाडं लागत्याती, मग उतार, मग वढा. पल्याड आमी." मग हाताने हवेत दाखवायचे, "पयलं घर आमचं. दारात दगडी उंबरा. उंबऱ्यावर बसलं की समदं गाव दिसायचं बग."

"आणि गावातनं तुमचं घर दिसायचं?" तिनं विचारलं होतं.

"दिसायला काय, डोळं हुतंच की समद्यांना," आबा हसले आणि आईला म्हणाले, "अगं, पोरीला वाढ, भूक लागली आसंल." आईनं केलेली चिलापी माशाची आमटी मनीषा बोटं चाटून खायची आणि वाटी परत पुढे करायची. आबांच्या घराचा तो उंबरा तिनंच घडवला. पडद्यावर दगडाला रंग देताना ती आबांना पुन्हा पुन्हा विचारत होती, काळा का करडा? आबांनी सांगितलं, मधी झिजून जरा गुळगुळीत हुता. तिनं तो करडा रंगवला आणि मधे गुळगुळीत केला.

माझ्या वाट्याचा आकार मी त्रिकोण जोडून बनवला. आमच्या कामात सगळं त्रिकोणांनीच बनतं. त्रिकोणाचे कोपरे उलट्या क्रमाने दिले की कॉम्प्युटर त्याला पाठमोरा समजतो आणि काढतच नाही, तेवढ्या जागी स्टेन्सिलही पडत नाही. ही चूक माझी ठरलेली. खिडकी उघडली की कुठे तरी एक तुकडा पाणी तसंच राहिलेलं असायचं आणि मनीषा माझ्या डोक्यावर टपली मारायची, "सुजे, तुझा त्रिकोण परत उलटा!" मग आम्ही हसत तो शोधायचो. तिच्यापेक्षा माझी चूक जास्त चांगली ओळखणारं माणूस तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हतं.

मनीषाचे चुलते तात्या गावातले पुढारी. त्यांनी ठरवलं की कॉलेजात दाखवायच्या आधी हे गावाला दाखवायचं, जुनं देऊळ वर आलं की त्याच्या अभिषेकाला सगळे जमतात तेव्हा. आबांना मी सांगितलं तर त्यांनी ट्रंक उघडली आणि निवृत्तीच्या वेळी शिवलेला सफारी बाहेर काढला. आईनं तो धुऊन उन्हात टाकला. "समद्यांम्होरं दाखवणार व्हय?" आबांनी दोन-तीनदा विचारलं. "आपली वस्ती पन?" व्हय आबा, आपली वस्ती पण, मी म्हणाले. एवढं एकच त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं, आणि तेही न मागता.

नव्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पांढरी चादर ताणलेली, प्रोजेक्टर भाड्यानं आणलेला. उदबत्तीचा, घामाचा आणि शिऱ्याचा वास. आबा मागच्या बाजूला खुर्चीवर सफारीची बटणं लावून ताठ बसले होते. पाणी पडद्यावर आलं, हललं आणि उघडलं. खाली देऊळ दिसलं तशी एक म्हातारी उठून उभी राहिली आणि चादरीलाच तिनं हात जोडले. कुणी ओरडलं, "ती बगा आमची पायरी!" पेठेतली दुकानं आली, चावडी आली. माणसं रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मी पडद्यावरचा बाण चिंचांच्या बाजूनं उताराकडे नेला. आबा खुर्चीत पुढे सरकलेले मला दिसले.

ओढा आला, आणि ओढ्याच्या पलीकडे पाणी होतं. निळं, माझ्याच हातानं लाटा घातलेलं, छान हलणारं पाणी.

मी पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. पाणीच. मी मागे वळून सगळ्यांसमक्ष मोठ्यानं म्हणाले, "आबा, थांबा हं, माझं चुकलंय. माझा एक त्रिकोण उलटा पडलाय." लोक समजुतीनं हसले. मनीषानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "होतं असं कधी कधी. तिला कुणी बोलू नका, लई राबलीय ती." तात्या उठले. "झालं की. देऊळ दिसलं, पेठ दिसली. आजून काय पायजे? चला, आरती हाय." पोती निघाली आणि उजेड आत आला.

माणसं आरतीला गेली तेव्हा मी तिथेच फरशीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. त्रिकोण तपासले. सगळे सरळ होते. मग नुसता आकार उघडून पाहिला. तो ओढ्याशी संपत होता. ओढा जिथे वळत होता तिथे आकारही वळत होता, काठाकाठानं, निगुतीनं कातरलेला. चूक अशी वळणावळणानं जात नसते. मी स्टेन्सिल टेस्ट बंद केली. झाकण निघालं तशी ओढ्यापलीकडची सगळी वस्ती वर आली. घरं, वाट, आमचं पहिलं घर आणि मधे झिजलेला तो उंबरा. काहीच पुसलेलं नव्हतं.

मनीषा खांबाशी उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तात्या म्हणले, देऊळ आन् पेठ एवढंच दाखव. चार लोक जमणार, उगंच कुणी काय बोललं तर," ती म्हणाली.

"कधी म्हणाले?"

"परवाच."

"काल तर आपण सोबत चहा प्यायलो, मनीषा."

ती जवळ आली. "सुजा, काढलं न्हाय गं मी काही. तुमची घरं हायत तशीच हायत, हात पण न्हाय लावला. फक्त दिसत न्हाईत."

"आणि मी सगळ्यांसमोर माझा त्रिकोण उलटा म्हणाले, तेव्हा?"

"तूच म्हणालीस की," ती म्हणाली. खाली बघत म्हणाली, पण म्हणाली.

केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दहा वेळा लिहिला असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. तात्यांचा मला राग नाही आला, खरं सांगते. त्यांच्याकडून मी काही धरलंच नव्हतं. पाठीवर ठेवलेल्या त्या हाताचा राग आला. तो हात ऊबदार होता, नेहमीसारखाच होता, आणि मला वाचवतोय असं सगळ्या मंडपाला दाखवत होता. तिनं वस्ती पुसून टाकली असती तर मी ओरडले असते, भांडले असते. पुसणाऱ्याला निदान कळतं की आपण काहीतरी पुसतोय. झाकणाऱ्याला तेही नको असतं. त्याला उंबराही घडवायचा असतो, आमटीही खायची असते, तात्यांचंही ऐकायचं असतं, आणि झाकली मूठ तशीच मिरवायची असते.

लॅपटॉप घेऊन मी वस्तीवर आले. तिनं अडवलं नाही. ओसरीवर आबांसमोर ठेवला, स्टेन्सिल टेस्ट बंदच होती. "सापडला त्रिकोण, आबा," मी म्हणाले. मी खोटं बोलले, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचेना. आबांनी चष्मा लावला. बोट काचेला टेकवून ते वाटेवरून घरापर्यंत गेले, उंबऱ्यापाशी थांबले. आई पदर तोंडाला लावून मागे उभी होती.

"बराबर हाय," आबा म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "पर हे हितं घरात दिसतंय गं. आपल्याला काय, डोळं मिटलं तरी दिसतंय. तितं दिसाय पायजे हुतं." उठता उठता त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हुती चूक माणसाकडनं. मनात ठिवू नगंस. पुढच्या खेपंला समद्यांम्होरं नीट दाखव. आन् तुझी मैतरीण लई गुणाची हाय बग. तुझी चूक तिनं पोटात घातली."

खरं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की ज्या पोरीला त्यांनी दोन यष्ट्या आणि कंडक्टरचा चहा सांगितला, तिनं काय केलं. त्यापेक्षा माझा त्रिकोण उलटा असलेला बरा, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

पुढची खेप आली नाही. त्या कामाच्या जोरावर मनीषाला पुण्यात नोकरी मिळाली. नोकरी मलाही मिळत होती, पण मला तो पडदा नकोसा झाला. काही वर्षांनी शिकवायला लागले तेव्हा कुठे पुन्हा त्रिकोणांना हात लावला. अभिषेकाच्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत मात्र राहिली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती गावाच्या ग्रुपवर येते. "आपलं जुनं गाव," असं लिहून खाली हात जोडल्याच्या खुणा. माझा आवाज त्यात नाही, त्रिकोणाचा तो भाग कुणीतरी कापलाय. पाणी उघडतं, देऊळ येतं, पेठ येते आणि ओढ्याशी गाव संपतं. त्यानंतर जन्मलेल्या पोरांना आता गाव तेवढंच वाटतं. धड्यातली ती पोरगी विचारते ना, बाकीचं जातं कुठं, तिला मी खरं पूर्ण उत्तर अजून दिलेलं नाही. खूप वर्षं एकच छापा टाकला की माणसं विचारायचं सोडून देतात.

आबा दर उन्हाळ्यात मनीषाची चौकशी करायचे. "येत न्हाय व्हय ती? आमटी केली आसती." गेल्या थंडीत आबा गेले. शेवटी शेवटी त्यांना फार काही आठवत नव्हतं, एसटीचे थांबे मात्र ओळीनं आठवायचे. भिगवण, मग पळसदेव, मग इंदापूर. थांबा आला की हात हँडलवर असल्यासारखा वळायचा.

आणि यंदा पाणी फारच खाली गेलं. मागच्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि आवाजात काल बोलल्यासारखा जिव्हाळा. "सुजा, अगं ओढा उघडा पडलाय! तुमच्या वस्तीचे चौथरे दिसतायत, खरेखुरे. रविवारी आम्ही सगळे जातोय. तू पण ये ना. आबांना घेऊन ये, त्यांना बघू दे." आबा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती हळहळली, खरोखर हळहळली, आणि म्हणाली, "मग तू तरी ये गं."

मी गेले. तिच्यासाठी नाही गेले. कोरडा गाळ पायाखाली कुरकुरत होता, जाळ्यांचा आणि मेलेल्या शिंपल्यांचा वास होता. देवळापाशी माणसं होती, आइस्क्रीमची गाडीसुद्धा आली होती. मी थेट चिंचांच्या बुंध्यांवरून उतारानं खाली गेले, ओढा ओलांडला. पहिला चौथरा आमचा. उंबरा जागेवर होता, मधे झिजलेला, गुळगुळीत. तो करडा होता. मनीषानं बरोबर रंगवला होता. मी त्यावर बसले. आबा म्हणायचे ते खरं होतं, तिथून समदं गाव दिसत होतं.

आणि गावातून मी. पलीकडे देवळासमोर मनीषा, तिची लेक आणि सासरची माणसं ओळीनं उभी राहत होती, तिच्या नवऱ्यानं मोबाइल धरला होता. त्यानं काहीतरी सांगितलं तशी ती मागे वळली. मला बघून हसली, हात हलवला. आणि मग, कसलाही विचार मनात नसलेल्या, प्रेमळ, मोकळ्या आवाजात तिनं हाक मारली,

"सुजाऽऽ, जरा बाजूला हो ना गं! फोटोत येतीयस!"

मी उठले नाही. म्हटलं, "काढ तसाच."